पायलट जेट आणि बापाक कार्सोनोंचा शामा

सेतोच्या मोटरसायकलला दोन कार्बोरेटर होते आणि दोघांनी मिळून त्याचं लग्न मोडायचा घाट घातला होता.

खरं तर दोष त्यांचा नव्हताच. जुनी दोन सिलिंडरची गाडी. तिचा एअर फिल्टरचा काळा डबा काढून सेतोने तिथे दोन चकचकीत, उघडे पॉड फिल्टर बसवले. गाडीच्या बरगड्यांतून आरपार दिसायला लागलं आणि जावातल्या त्या सालातिगा गावातली पोरं वळून वळून बघायला लागली. पण डब्यातून बेताने येणारी हवा आता मोकाट आत शिरत होती आणि पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच मिळत होतं. उतारावर थ्रॉटलची मूठ सोडली की सिलिंडरमध्ये धड न जळलेलं मिश्रण गरम सायलेन्सरमध्ये जाऊन पेटायचं. फाट!

हा उतार संपायचा तो नेमका वेनिंगच्या, म्हणजे त्याला जिच्याशी लग्न करायचं होतं तिच्याच, दारात.

वेनिंगचे वडील, बापाक म्हणजे बाबा कार्सोनो, गाण्याच्या स्पर्धांसाठी शामा पक्षी पाळायचे. पक्ष्याचं नाव पांगेरान. वेनिंगला ताप आला तेव्हा बापाक म्हणाले होते, "होईल बरी." पांगेरान शिंकला तेव्हा त्यांनी ऑफिसला रजा टाकली होती.

"काय रे, तुझ्या गाडीला अपचन झालंय का?" त्यांनी सेतोला फाटकातच अडवलं.

"नाही बापाक, हवा जास्त झालीये."

"गाडीत की तुझ्यात?"

दाराआड वेनिंग फिसकन हसली.

"हसू नकोस! पांगेरान कालपासून गप्प आहे. मान आखडून बसलाय नुसता. रविवारी स्पर्धा आहे. तो गायला, तर तुझ्या आईवडिलांना मागणी घालायला पाठव. नाही गायला, तर या रस्त्यावर दिसायचं नाही. सायकलवरसुद्धा नाही!"

ते आत गेल्यावर वेनिंग बाहेर आली. "मास," ती लाडाने त्याला हेच म्हणायची, "तो जुना डबा परत बसव ना."

"कापला मी तो."

"कापला? का?"

"बॅटरी लपवायला त्याचा खोका केला."

वेनिंगने त्याच्याकडे असं पाहिलं, की मागणी घालायची वेळ आलीच तर आधी तिचंच मत विचारावं लागेल असं सेतोला वाटलं.

उपाय त्याला माहीत होता. हवा वाढली, तर पेट्रोलही वाढवायचं. म्हणजे कार्बोरेटरमधले जेट, ती पितळेची बारीक भोकाची बोंडं, बदलून जरा मोठ्या भोकाची घालायची. पण फाट होतंय की थांबलंय हे कळायला उतार हवा, आणि तसा लांब उतार गावात एकच होता.

"दुपारी ये," वेनिंग म्हणाली. "बापाक झोपतात. पांगेरानच्या पिंजऱ्यावर कापड टाकलेलं असतं, शेजारी त्याला ऐकून शिकायला इतर पक्ष्यांची गाणी लावलेली असतात. त्याला तू दिसणारच नाहीस."

दिसणार नाही ते ऐकूही येणार नाही, हे दोघांनी बिनबोभाट मान्य करून टाकलं.

सेतोने आधी मोठे मेन जेट घातले. सरळ रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी पळाली. उतारावर थ्रॉटल सोडला. फाट! मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मेन जेटचा अंमल थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर. बंद थ्रॉटलवर सगळा कारभार पायलट जेटचा! त्याने पायलट जेट बदलले, आणि घाईत चांगलेच मोठे घातले. फाट थांबलं, पण गाडी म्हाताऱ्यासारखी खोकत, काळा धूर सोडत खाली आली. स्पार्क प्लग काढून पाहिला तर कोळसा.

"आधी पांढराफटक होता, आता काळाकुट्ट," वेनिंग म्हणाली. "मधला रंग तुमच्याकडे मिळतच नाही का?"

मिळाला. मधल्या मापाचे जेट घातले आणि मिश्रणाचा स्क्रू जरासा फिरवला. प्लग बिस्किटासारखा तपकिरी निघाला. गाडी उतारावरून डुगडुगडुग करत, लोण्यावरून सुरी फिरावी तशी उतरली. सेतोने तो प्लग आईला नेऊन दाखवला. आई म्हणाली, "हात धू."

रविवारी मैदानातल्या मांडवात पिंजरे टांगले होते. दोरीबाहेर मालक आपापल्या पक्ष्यांच्या नावाने गळे काढत होते. पांगेरानने अंग झटकलं, शेपटी फुलवली आणि लांब, गोड शीळ घातली. बापाकच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग पांगेरान म्हणाला, "फाट."

दोरीबाहेरचे मालक ओरडता ओरडता वळून बघायला लागले.

"फाट, फाट. खों खों खों." थोडी शीळ. आणि शेवटी अगदी समेवर आल्यासारखं, "डुगडुगडुगडुग."

सेतो खांबामागे लपला. वेनिंग आधीच तिथे होती.

"हे कुठल्या पक्ष्याचं गाणं?" तरुण परीक्षकाने विचारलं.

"दोन सिलिंडरचं," म्हातारे परीक्षक डोळे मिटून म्हणाले. "पण फिरत बघ काय आहे! खर्ज ऐक!" आणि त्यांनी पांगेरानच्या पिंजऱ्याखाली पसंतीचा झेंडा रोवला.

दुसरा नंबर आला. बापाक अजून गोंधळलेलेच होते. "पण तो तर गप्प बसला होता हो!"

"कार्सोनो, नवं गाणं शिकताना पक्षी गप्पच बसतो," म्हातारे परीक्षक म्हणाले. "इतकी वर्षं पक्षी पाळतोस आणि हे विसरलास?"

बापाकनी खांबामागून सेतोला दंडाला धरून बाहेर काढलं.

"आईवडिलांना घेऊन ये. पण आधी गाडीत जे काही नवं घातलंयस ते काढ."

"बापाक! गाडी आत्ता कुठे नीट झालीये!"

"तेच म्हणतोय मी. पुढची स्पर्धा सेमारांगला आहे. डुगडुग पक्कं बसलंय त्याचं, पण फाट अजून कच्चं आहे. रोज दुपारी रियाज करायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सेतो जुने जेट घालून उतारावरून आला. फाट! बापाकनी पिंजऱ्यावरच्या कापडाला कान लावला आणि हात वर केला.

"जरा वरच्या पट्टीत नाही का होणार?"

सेतोने प्रामाणिकपणे विचार केला. "आवाज किती चढेल ते सांगता येत नाही. पण आणखी बारीक जेट घातले तर फाट जास्त वेळा होईल. करून बघू या."

बापाकनी वेनिंगकडे वळून समाधानाने मान डोलावली.

"पोरगा हुशार आहे गं."