महाराजांच्या खडकाची कात

दुपारी चारला महाराजांनी गार पाण्याचा हंडा नाथाच्या खडकावर रिकामा केला आणि दीडशे माणसांनी श्वास रोखला. तड्कन आवाज झाला. भाकरीएवढा पापुद्रा सुटून बाजूला पडला. बाया हात जोडून रडू लागल्या.

"नाथानं कात टाकली," महाराज म्हणाले. "दगड नवा होतो, मग तुमचं शरीर का नाही होणार?" पापुद्र्याची चिमूटभर पूड दुधातून घ्यायची, दमा, मणका, साखर, सगळं जातं. फक्त डॉक्टरचं औषध बंद, कारण दोन औषधं एका अंगात भांडतात म्हणे. भांडणाची भलतीच काळजी महाराजांना.

पारनेरजवळच्या या गावात मी भूगोल शिकवतो. माझी नववीतली दिशा गर्दीत आईला टेकून बसली होती. सहाव्या वर्षापासून ती इन्सुलिनवर होती. परवापासून आईने, सविताताईंनी, ते बंद केलं होतं. पोर सारखी पाणी मागत होती.

खडकाने पापुद्रे टाकण्यात नवल नाही. वाळवंटात हे रोजचंच. दिवसा उन्हाने वरचा थर फुगतो, रात्रीच्या गारठ्याने आकसतो, आतला भाग तसाच राहतो. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीत थर सुटतो. महाराजांना एवढा धीर कुठला? त्यांची धुनी सकाळपासून त्याच खडकावर पेटलेली असे. चारला निखारे सारायचे, राख पुसायची आणि वर गार पाण्याचा अभिषेक.

गर्दीत सूर्यभानबाबा होते. त्यांची हयात विहिरी खोदण्यात गेलेली. सुरुंग नसायचा तेव्हा खडक कसा फोडायचात, एवढंच मी सर्वांसमोर विचारलं.

"भाजायचा अन् पानी मारायचं," ते मान खाली घालून म्हणाले. "मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. पन देवाच्या कामात कसं बोलावं?"

जोडलेले हात सुटले. मला वाटलं, जिंकलो. महाराज नुसते हसले. आग आम्ही लावतो, पण फुटायचं की नाही ते नाथ ठरवतो, म्हणाले. पुन्हा हात जोडले गेले.

मी सविताताईंना बाजूला घेऊन सगळं समजावलं. सर सांगतात ते खरंय, सहामाहीला मी हेच उत्तर लिहिलं होतं, असं दिशाही म्हणाली.

"पटतंय सर," सविताताई म्हणाल्या. "पन डॉक्टर म्हनतो जन्मभर टोचायचं. ह्ये म्हनत्यात पोर बरी हुईल. आईनं कुनाचं ऐकावं?"

संध्याकाळी डॉक्टरांना घेऊन दिशाच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. महाराजांच्या सांगण्यावरून मायलेकी मामाच्या गावी गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दिशाला नगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

महाराज आता दुसऱ्या गावच्या खडकावर आहेत. तिथल्या लोकांना माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांना कळलंय त्यांनी बोलावं. आणि पूर्ण बरं करतो म्हणून जो औषध सोडायला लावतो, त्याच्या दारातून उठा. इन्सुलिन दिशाला बरं करणार नव्हतं. ती त्याच्यावर फक्त जगली असती.