दादाचं लोखंड, सिस्टरचा काळा पाइप

नोकरी संपून तीन वर्षं झाली तरी लोक तिला सिस्टरच म्हणत. दूधवाला म्हणे, पोस्टमन म्हणे, आणि रागात असला की नवराही म्हणे. आयुष्यभर हॉस्पिटलात काढल्यावर तिला उघड्या आभाळाखाली राहायचं होतं. नवऱ्याने तीस वर्षं बस चालवलेली. त्याला कुठेही चाललं असतं, फक्त हॉर्न नको होता. म्हणून दोघांनी गावाबाहेर जमीन घेतली. घर चढावर आणि विहीर पार खालच्या टोकाला, मधे जवळजवळ अर्धा किलोमीटर रान. जमीन पाहायला आले तेव्हा दोघांनाही ते अंतर छान वाटलं होतं. "पाय मोकळे होतील," असं नवरा म्हणाला होता.

पहिल्या उन्हाळ्यातच पाय इतके मोकळे झाले की गुडघे बोलायला लागले. नवरा जुन्या गाडीत कॅन टाकून खाली जायचा, भरून वर आणायचा आणि दारात हॉर्न वाजवायचा. सिस्टर म्हणायची, "हॉर्न नको म्हणून इथे आलो ना आपण?" दोघंही हसायची. पण कॅन उतरवताना हसू येत नसे. शेवटी ठरलं, विहिरीवर मोटर बसवायची आणि जमिनीखालून घरापर्यंत लाइन टाकायची.

ही बातमी सिस्टरने थोरल्या भावाला फोनवर सांगितली आणि तिथेच घोळ झाला. दादा म्हणजे जन्मभराचा प्लंबर, तोही लोखंडी पाइपवाला. पाइपला आटे पाडून, सुतळी गुंडाळून, पाना लावून जोड आवळला की तो जोड त्याच्यानंतरही टिकेल, ही त्याची खात्री होती. अलीकडे सगळीकडे प्लास्टिक आलं, दादाची कामं गेली आणि त्याची हत्यारं पलंगाखाली गेली. फोनवर त्याचा आवाज एकदम तरुण झाला.

"मी आल्याशिवाय फावडं लावायचं नाही. लाइन मी टाकणार. लोखंडाची. विषय संपला."

"हो दादा," सिस्टर म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण हो का म्हणालो?

कारण तिच्या मनात शंका होतीच. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन तालुक्याच्या पाइपच्या दुकानात गेली. दुकानदार मोठा बोलका माणूस. त्याने आधी पाइप दाखवलाच नाही, प्रश्नच विचारत बसला. लांबी किती, चढ किती, माती कसली, वरून गाडी जाते का. सिस्टरला ते आवडलं. नाडी न बघता औषध लिहिणाऱ्यांचा तिला पूर्वीपासूनच राग.

"माती काळी," ती म्हणाली. "उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हात जाईल. पावसात फुगते. आणि खालच्या अंगाला पांढरा खार चढतो."

"मग कडक पाइप नको," दुकानदार म्हणाला. "माती हलली की जोड निसटतात. हा काळा बघा. रोलमध्ये येतो, हवा तसा वळतो. तुमच्या अख्ख्या लाइनला चारच जोड. लोखंडाचे किंवा पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे घेतले तर ऐंशीच्या वर."

"एक इंची घेऊ या, चालेल की," नवरा म्हणाला.

दुकानदार काही बोलायच्या आत सिस्टरच म्हणाली, "नाही चालणार. सुई बारीक असली तर सलाइनची बाटली कितीही उंच टांगा, थेंबच पडणार. इतक्या लांब जायचं तर पाणी घासून घासून थकणार. मोठा घ्या. दोन इंची, जाड भिंतीचा."

दुकानदाराने दोन्ही हात जोडले. "बाई, दुकानात बसायला येता का?"

काळ्या पाइपचा तुकडा नमुना म्हणून घेऊन ती घरी आली. तिच्यापुरता पाइप ठरला होता, फक्त दादाला सांगायचं राहिलं होतं. "तुम्ही सांगा ना," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? मी फक्त ड्रायव्हर," तो म्हणाला. "गाडी कुठे न्यायची ते तू सांग."

दादा आला तो खांद्यावर जड पिशवी घेऊनच. चहा व्हायच्या आधी त्याने हत्यारं ओसरीवर मांडली. आटे पाडायची डाय तेल लावून लखलखीत केलेली, पाने ओळीने लावलेले. ती डाय हातात घेऊन तो सांगत होता, कुठल्या शाळेची लाइन हिच्यावर टाकली, कुठल्या दवाखान्याची. सिस्टर ऐकत होती. रात्री जेवताना तीनदा तिने तोंड उघडलं आणि तीनदा दादाला भाजीच वाढली.

सकाळी मात्र तिने मनाचा हिय्या केला. चहाचा कप पुढे ठेवला आणि शेजारी काळा तुकडाही.

"दादा, मी हा पाइप ठरवलाय. इथल्या मातीला लोखंड टिकणार नाही असं मला वाटतं. तुला आधीच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही."

दादाने तुकड्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "हे? हे खेळणं आहे. बागेतली नळी."

"नळी नाही दादा."

"मग मला बोलावलंस कशाला? चहा प्यायला?" कप तसाच ठेवून तो उठला आणि तरातरा खाली विहिरीच्या दिशेने निघून गेला.

नवरा म्हणाला, "जाऊ का मागे?"

"नको," सिस्टर म्हणाली. "त्याला चालू दे." पण तिचं कामात लक्ष लागेना. तीच बशी तिने दोनदा धुतली.

बऱ्याच वेळाने दादा चढ चढून येताना दिसला. हातात काहीतरी होतं. जवळ आल्यावर कळलं, खालच्या कुंपणाचा लोखंडी खांब. मधोमध नाही, जमिनीत होता तिथेच तुटलेला, टोकाला पापुद्रे सुटलेले.

"नुसता हात टेकला मी," दादा म्हणाला. "बिस्किटासारखा मोडला." त्याने खांब पायरीशी ठेवला आणि बाकावर बसला. "ही माती लोखंड खाते गं. गुडघ्यावर बसून उकरून बघितलं मी. वरून चांगलं, आतून भुगा."

सिस्टरने चहा पुन्हा गरम करून आणला. दादाने दोन घोट घेतले, मग काळा तुकडा उचलला. वाकवला, नखाने ओरखडला, नाकाशी नेऊन वास घेतला. अंगणात टाकून त्यावर बुटासकट उभा राहिला आणि दोन उड्या मारल्या. तुकड्याला काही झालं नाही.

"हट्टी आहे," तो म्हणाला.

"माझ्या भावासारखा," सिस्टर म्हणाली, आणि दादाला हसू आवरेना.

मग मात्र तो कामाला भिडला. आधी दोरी धरून सगळी वाट तिघांनी चालून पाहिली. मधल्या गाडीवाटेपाशी दादा थांबला. "इथून ट्रॅक्टर जातात. तुझं खेळणं इथे चेपेल. इथे मी मोठा लोखंडी पाइप आडवा घालतो, त्याच्या पोटातून काळा जाऊ दे. इथे मुरूम आहे, लोखंड टिकेल. आणि विहिरीतून वर येणारी उभी लाइनही माझी. ती हवेत आहे, माती तिला खाणार नाही."

दुकानदाराने विचारलं होतं खरं, पण सिस्टरच्या हे डोक्यातून गेलं होतं. "ते तर मी विसरलेच होते."

"म्हणून भाऊ लागतो," दादा म्हणाला, आणि तिथल्या तिथे त्याची छाती दोन इंच पुढे आली.

यंत्राने चर खणून झाला आणि रोल आले. दादाने बजावलं होतं की रोल बांधलेल्या दोऱ्या एकेक करून सोडायच्या. पण नवऱ्याला घाई. त्याने विळ्याने सगळ्या एकदम कापल्या आणि तो अख्खा रोल फणा काढून उठला. एक टोक नवऱ्याच्या पाठीत, दुसरं वाळत घातलेल्या कपड्यांत. दोरीवरची चादर डोक्यावर घेऊन नवरा अंगणात गोल फिरत होता आणि आतून ओरडत होता, "ब्रेक लागत नाही!" सिस्टर हसून हसून पायरीवर बसली. दादा चिडायचं म्हणून उभा राहिला होता, पण त्यालाही पोट धरावं लागलं.

उरलेले रोल उन्हात पसरून मऊ केले, मग चरात सोडले. खाली बारीक माती अंथरायची, दगड एकही नको, आणि पाणी सुरू करून बघितल्याशिवाय बुजवायचं नाही, हा दादाचा कायदा. विहिरीपाशी त्याने डाय लावली तेव्हा सिस्टर मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिली. लोखंडाची चकचकीत साल गोल गोल निघत होती आणि दादा ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणत होता. त्याला असं गुणगुणताना तिने फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

मोटर सुरू केली. तिसऱ्या जोडातून चिळकांडी उडाली, तो जोड नवऱ्याने आवळला होता.

"भावोजी, बस चालवताना नटबोल्ट कोण आवळायचं?" दादाने विचारलं.

"दुसरेच," नवरा म्हणाला. दादाने पान्याचा एक वेढा दिला आणि गळती थांबली.

सिस्टर चढ चढून वर गेली. अंगणातला नळ उघडा होता. आधी नुसती हवा फुसफुसली, मग नळ खोकला, काळपट चिखल थुंकला आणि एकदम मनगटाएवढी स्वच्छ धार पडायला लागली. तिने हात धरला. पाणी विहिरीइतकंच गार होतं. तिने तोंड धुतलं, मान भिजवली, मग चपला काढून पाय धारेखाली धरले.

जोड बघत अर्ध्या वाटेवर आलेल्या दादाची खालून हाक आली. "आलं का गं?"

"आलं!"

"मग मोटर बंद करायला सांगू?"

"थांब जरा," ती ओरडली, आणि पाय बदलून दुसरा पाय धारेखाली धरला.