दहावा मुद्दा

रुग्णाशी बोलायचं कसं, हे नर्सिंगच्या पोरींना बाई एकोणीस वर्षं शिकवत होत्या, आणि परीक्षेत रुग्णही स्वतःच व्हायच्या. कॉलेजात एवढं रिकामं दुसरं होतं कोण म्हणा! कागदावरची आजी ठरलेली: उद्या ऑपरेशन, घरी मुलगा-सून, काळजी कसली नाही. बाई चादर ओढून पडायच्या आणि पोरी पोपटासारखे प्रश्न विचारून जायच्या.

मग मुकी आत आली. फार बोलत नाही म्हणून वर्गाने पाडलेलं नाव. एकदा नापास झालेली. आज पुन्हा झाली की घरचे शिक्षण सोडायला लावणार होते. आणि सुरुवात अशी, की बघणाऱ्याने कपाळाला हात लावावा. नाव सांगितलं नाही, हात धुतले नाहीत. स्टूल ओढून बसली आणि घरी कोण असतं, एवढंच विचारलं.

"मुलगा, सून," बाई म्हणाल्या.

पुढचा प्रश्न आलाच नाही. पोरगी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, कसली म्हणून घाई नाही. आपल्या तोंडाकडे इतका वेळ कुणी शेवटचं कधी बघितलं होतं, बाईंना आठवेना.

"फोन करत नाही तो," कागदावर नसलेलं त्या बोलून गेल्या. "अकरा महिने झाले."

पोरीने त्यांचा हात हातात घेतला आणि घंटा होईपर्यंत सोडला नाही.

मग बाई गुण द्यायला बसल्या. दहापैकी सहा मुद्दे हवेत. पोरीचे ओढूनताणून पाच भरले. दहावा बाईंनीच हट्टाने घातलेला: रुग्ण मनातलं बोलला का? बोलला असेल तर त्याचं वाक्य लिहायचं. आणि हा कागद सह्यांसाठी स्टाफरूमभर फिरायचा. तिथे तर बाई रोज डबा उघडताना सांगायच्या, काल लेकाचा फोन होता, तासभर सोडेना मेला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपली थाप झाकायला पोरीचं वर्ष घालवायचं?

"मुलगा फोन करत नाही. अकरा महिने झाले," त्यांनी लिहिलं, खाली सही केली आणि कागद शिपायाबरोबर स्टाफरूमला धाडला. डबा मात्र त्या दिवशी त्यांनी तिथेच, रुग्णाच्या खाटेवर बसून खाल्ला.