अर्लीनबाईंनी बाहेर काढलेला टँकर

मार्चमधल्या त्या दुपारी ड्वेन कुचेरा बोहाच नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणातला वणवा विझवत होता, तेवढ्यात वायरलेसवर कुणीतरी ओरडलं, "ड्वेन, आपला हॉलच पेटलाय!"

हॉल म्हणजे गावच्या अग्निशमन दलाची शेड. नेब्रास्कातल्या त्या चारशे वस्तीच्या गावात पगारी जवान एकही नव्हता. कुणी शेतकरी, कुणी गवंडी, कुणी मास्तर. ड्वेन स्वतः ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि एकोणीस वर्षं दलाचा प्रमुख होता. त्या दिवशी सहाच जण हाताशी लागले, म्हणून मोठा बंब आणि गवताच्या आगीसाठीची जुनी लष्करी गाडी तेवढी निघाली. पाण्याचा टँकर चालवायला माणूस नव्हता. तो हॉलमध्येच राहिला.

"मागं फिरायचं का?" बंबावरून रॉजरनं विचारलं.

वारा बोहाचच्या घराकडे होता. म्हातारा बोहाच अंगणात बादल्या भरभरून भिंतीवर ओतत होता. ड्वेननं एकदा गावाच्या दिशेनं पाहिलं. दुधाच्या जुन्या गाडीचा हॉलमधला तो टँकर त्यांनी चार हिवाळे खपून बनवला होता.

"नाही. आधी हे घर," तो म्हणाला. "शेजारच्या गावच्या दलाला हॉलकडं बोलाव."

दोन तासांनी घर वाचलं. मग ते गावाकडं निघाले. ड्वेननं टँकरवर केव्हाच पाणी सोडलं होतं.

वळणावर रॉजरनं करकचून ब्रेक दाबला. हॉलचं छप्पर अर्धं कोसळलं होतं, पण टँकर रस्त्याच्या मधोमध धडधाकट उभा होता, शेजारच्या दलाचे पाइप जोडलेला. आणि स्टिअरिंगवर अर्लीन व्होडिचका बसल्या होत्या. वय बहात्तर, एके काळच्या शाळेच्या बसच्या चालक. दलाच्या भोंग्यानं झोपमोड होते म्हणून गावच्या दर बैठकीत भांडणाऱ्या.

"अर्लीनबाई, तुम्ही?"

"मग कोण? वीज गेली, विजेवरचं दार उघडेना. पोस्टातल्या चौघांनी खांदा लावून उचललं. किल्ली गाडीतच होती, गाढवांनो."

"अहो, पण आत आग होती!"

"मागच्या कोपऱ्यात होती. तीस वर्षं तुमच्यासारखी कार्टी भरून बस हाकली मी. इथं निदान मागून कुणी किंचाळत तरी नव्हतं."

शेजारच्या दलाचा प्रमुख जवळ आला. "वीज नाही, म्हणून नळाला पाणी नाही. हा टँकर बाहेर नसता, तर हॉलशेजारचं तुमचं चर्चही गेलं असतं."

लोक आभार मानायला लागले की खाली बघून "आमचं कामच आहे" म्हणायची ड्वेनला सवय होती. आज आभार त्यानं मानायचे होते. हेल्मेट काढून त्यानं बाईंचा काजळीनं माखलेला हात दोन्ही हातांत धरला. त्याला रडू फुटलं.

"पुरे रे," बाई पुटपुटल्या, पण हात सोडवून घेतला नाही.

दिवस कलला तशी नवीच काळजी उभी राहिली. उघड्यावर टँकरमधलं पाणी रात्रीच्या थंडीत गोठणार. तेवढ्यात बोहाच आपल्या पिकअपमधून आला.

"माझी शेड रिकामी केलीय. गाड्या तिथं लावा, नवा हॉल होईतोवर."

"आणि तुमची यंत्रं?"

"अंगणात. गंजली तर घासू. घर आहे ना जागेवर?"

टँकर न्यायला ड्वेन पुढं झाला, पण बाई स्टिअरिंग सोडायला तयार होईनात. तो मुकाट्यानं शेजारी चढून बसला.

"पट्टा लाव," अर्लीनबाई म्हणाल्या आणि त्यांनी गिअर टाकला.