बिननावाचा कागद

नारिन गावच्या शाळेत मुलांची मनं सांभाळायचा पगार बेर्मेतला मिळत होता. मनं कसली, ती कागदच सांभाळायची. दर शरदात आठवी-नववीच्या वर्गांत घरी कसं चाललंय विचारणारी प्रश्नावली वाटायची आणि न चुकता सांगायची, "नाव घालू नका. मी कुणाला सांगणार नाही." मुलं तिला एजे म्हणत, म्हणजे ताई. ताईवर विश्वास ठेवायचा असतो.

त्या वर्षी आठवीच्या सव्वीस कागदांत एक हिरव्या शाईचा निघाला. 'काका चाबकानं मारतात. आईला कळवू नका, ती मॉस्कोत एकटी आहे.' हिरवं पेन वर्गात एकट्या नुरझादाकडे होतं. भिंतीवर लावायला चित्र छान काढलं म्हणून बेर्मेतनंच ते बक्षीस दिलं होतं.

मुख्याध्यापिका रायखान एजेंनी कागद वाचला आणि नाव मागितलं. जिल्ह्याची तपासणी येतेय, फायलीत हा सापडला तर दोघींची नोकरी गेली. काकाला बोलावू, गोडीगुलाबीनं मिटवू. मुलांना शब्द दिलाय, असं बेर्मेत पुटपुटली.

"मुलांना दिलास ना? मला तर नाही दिलास," रायखान एजे हसून म्हणाल्या.

बेर्मेतनं नाव सांगितलं. पोलिसांत जाता आलं असतं. निदान पोरीला आधी बाजूला घेऊन विचारता आलं असतं. तिची फाटली आणि तिनं नाव सांगितलं. याला दुसरे सभ्य शब्द नाहीत.

काका आला. चहा झाला, तळलेले गरम बोर्सोक खाऊन झाले. जाताना तो दोन्ही हातांनी बेर्मेतचा हात धरून म्हणाला, "डोळे उघडलेत, एजे. पोरगी आमची, अब्रू आमची."

सोमवारी नुरझादाचा बाक रिकामा. काकानं तिला डोंगरावर नातलगाच्या मेंढ्यांमागे धाडलं होतं. बेर्मेत एका रविवारी ट्रकनं तिथवर गेली. पोरगी शेण उचलत होती. तिनं मान वर केली, ओळखलं, आणि पाठ फिरवून पुन्हा उचलायला लागली. बेर्मेत तशीच परतली.

पुढच्या शरदात तोच वर्ग नववीत. बेर्मेतनं प्रश्नावली वाटली. नाव घालू नका, हे वाक्य या वेळी तिच्या तोंडातून निघेना.

मागच्या बाकावरून एका पोरीनं हात वर केला.

"एजे, सगळ्यांनी निळ्याच पेननं लिहायचं ना?"

कुणी हसलं नाही. पंचवीस कागद परत आले. पंचवीसही कागदांवर एकच ओळ, निळी: घरी सगळं छान आहे.