फाट्यावरची आडवी एसटी

आमचे हे घरात इतके गरीब, की आमटीत मीठ नसलं तरी मुकाट्याने जेवतात आणि वर "छान झालीय" म्हणतात. पण गाडीच्या स्टिअरिंगला हात लागला की अंगात काय शिरतं देव जाणे. मग पुढचा प्रत्येक जण मूर्ख, मागचा प्रत्येक जण उद्धट, आणि बाजूने पुढे जाणारा तर सात जन्मांचा वैरी. ह्यांना शिव्या येतात हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, गाडी घेतल्यावर. त्याआधी आम्ही एसटीने फिरायचो आणि आमचा संसार बराच शांत होता.

त्या दिवशी नणंदेला वीर स्टेशनवर सोडून आम्ही महाडला परतत होतो. मागच्या सीटवर आबा होते, म्हणजे माझे सासरे भागोजी. दासगावजवळ एका टेम्पोने कट मारला. झालं! ह्यांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. महाडपर्यंत त्याचा पिच्छा पुरवला, नाक्यावर त्याला गाठलं आणि उतरून त्या टेम्पोवाल्याची कॉलर धरली. लोक मध्ये पडले म्हणून निभावलं. मी मागे वळून पाहिलं, तर आबा दोन्ही हातांनी पुढची सीट धरून डोळे मिटून बसले होते.

घरी आल्यावर आबांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळीला गेले आणि आबा पिशवी भरून ओट्यापाशी आले.

"शर्मिला, मी गावाला जातो गो. शिमगा आलाय. देवाची पालखी दारात यायच्या आधी घर झाडाया नको?"

"हे सोडतील ना तुम्हाला."

"नको. मी एसटीनं जाईन. तिच्यात माजा जीव वर-खाली व्हत नाय."

"आणि परत कधी येणार?"

"बघू," आबा म्हणाले.

सासूबाई गेल्यापासून गावचं घर बंदच असतं. मागच्या पावसाळ्यात आबा हट्टाने तिथे एकटे राहिले आणि चक्कर येऊन पडवीत पडले. शेजारची येसूबाई ताक द्यायला आली म्हणून कळलं तरी. त्यानंतर किती विनवण्या करून त्यांना आम्ही महाडला आणलं होतं. आता ते गेले तर पुन्हा यायचे नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. पण म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला अडवायचं तरी कसं? मी पिशवी दारापर्यंत नेऊन दिली आणि आबा स्टँडकडे निघाले.

आबांचा एसटीवर जीव आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही. मी लग्न होऊन गावात आले ती मुक्कामाच्या गाडीने. पोलादपूरहून संध्याकाळी गाडी यायची, रात्रभर देवळासमोर उभी राहायची आणि पहाटे निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि जेवायला पाळीपाळीने एकेका घरी. ज्या घरची पाळी, त्या घरी त्या दिवशी काहीतरी वेगळं शिजायचं. कोंबडी नाहीतर निदान सुकटीचं कालवण. माझ्या हातची पहिली भाकरी सासरच्या कुणी नाही, धोंडूमामा ड्रायव्हरने खाल्ली. चांगली करपली होती. मामांनी "झ्याक झालीय पोरी" म्हणत आणखी अर्धी मागून घेतली, मग सासूबाईंना बोलायला जागाच उरली नाही.

तेच धोंडूमामा खाली महाबळेश्वर रस्त्याच्या फाट्यावर एक गोष्ट हमखास करायचे. म्हातारी माणसं किंवा शाळेच्या पोरी उतरल्या की गाडी रस्त्यात तिरकी, चांगली आडवी उभी करायचे. माणसं रस्ता ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत मागून-पुढून कुणी सुसाट जायला नको म्हणून. खिडकीतून हात बाहेर काढून थांबायची खूण करायचे. मागचा ट्रकवाला इंजिन बंद करून खुशाल बिडी ओढत बसायचा. कुणी ओरडलेलं मला आठवत नाही. आता घरोघरी दुचाक्या झाल्या, मुक्कामाची गाडी कधीची बंद झाली, आणि गावात जायचं तर त्याच फाट्यावर उतरून चालत वर जावं लागतं.

हे आंघोळ करून आले आणि आबा गेल्याचं कळल्यावर भडकलेच. "दारात गाडी असताना बाप एसटीने जातो? लोक काय म्हणतील मला?" ओल्या केसांनीच चावी उचलली. मीही पटकन चपला घातल्या; म्हटलं, ह्यांना एकटं सोडायला नको. महाडच्या स्टँडवरून गाडी सुटली होती. पोलादपूरच्या स्टँडवरही चुकामूक झाली. महाबळेश्वरच्या रस्त्याला लागल्यावर कुठे ती लाल गाडी पुढे दिसली. हे हॉर्न वाजवत तिच्या मागे लागले. वळणावर गाडी पुढे काढायचा एकदा प्रयत्नही केला. समोरून जीप आली म्हणून नाइलाजाने मागे आले आणि आणखीनच चिडले.

आणि फाट्यावर ती एसटी रस्त्यात आडवी झाली. ड्रायव्हरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, थांबा म्हणून.

"बघ, मुद्दाम अडवतोय! हात दाखवतोय मला!"

"अहो, कुणीतरी उतरत असेल. धोंडूमामा नाही का असंच..." मी म्हणेपर्यंत हे दार उघडून धावलेसुद्धा. मी मागोमाग उतरले. ह्यांनी ड्रायव्हरच्या दारावर धाडधाड बुक्के मारले.

"खाली उतर! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

ड्रायव्हर तरणा होता, पण शांत होता. म्हणाला, "साहेब, आजोबा उतरलेत. त्यांना पलीकडं जाऊ द्या, मग काय ते बोला."

तेवढ्यात एसटीच्या पुढून आबा आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने गाडीचा आधार घेत, सावकाश. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची मूठ अजून वरच होती.

"आजोबा, वळखीचं हायत का हे?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाय बाबा," आबा म्हणाले. "आपल्यातला नाय हा."

आणि ते रस्ता ओलांडून चढणीला लागले. मागे एकदाही पाहिलं नाही. ड्रायव्हरने आबा पार झाडाआड जाईपर्यंत वाट पाहिली, मग गाडी सरळ करून निघून गेला. मला ह्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती. त्यातलं काय जास्त, ते सांगता येणार नाही. हे चार पावलं चढणीकडे गेले आणि परत फिरले. मग आम्ही महाडला परतलो, अगदी हळू. वाटेत तीन जणांनी आम्हाला हॉर्न मारले आणि ह्यांनी तिघांनाही वाट दिली.

पालखीला आम्ही एसटीने गेलो. मी काही सुचवलं नव्हतं. हेच स्टँडवर जाऊन उभे राहिले. गावात आबा माझ्याशी बोलले, येसूबाईशी बोलले, ह्यांच्याशी नाही. ह्यांनी पालखीला खांदा दिला, अंगणात घाम पुसत उभे राहिले, तरी आबांनी पाण्याचा तांब्या माझ्याच हाती पाठवला. निघायच्या दिवशी मी आबांची पिशवी भरायलाही घाबरत होते. शेवटी हेच पडवीत त्यांच्यासमोर उकिडवे बसले. महाडात इतकी वर्षं काढली तरी त्या वेळी ह्यांच्या तोंडी गावचीच बोली आली.

"आबा, चला. मी गाडी नाय आणली."

आबांनी अंगणातल्या दोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शर्मिला, माजं धोतर वाळलं का बघ गो."

फाट्यावर एसटी मिळाली. आबा खिडकीशी, शेजारी हे, मी मागच्या सीटवर. पोलादपूर सोडलं आणि मागून एक मोठी गाडी हॉर्न मारायला लागली. कितीतरी वेळ. मग ती घासून पुढे गेली, काच खाली करून कुणीतरी आमच्या ड्रायव्हरला आईवरून शिवी दिली. हे ताडकन उठले. मूठ वळलेली, चेहरा लालबुंद. "अरे ए!" एवढ्या जोरात ओरडले की सगळी गाडी वळून बघायला लागली.

"कोण वो हे?" पलीकडच्या बाईने घाबरून विचारलं.

आबांनी ह्यांच्या शर्टाचं टोक धरून त्यांना खाली ओढलं.

"माजा मुलगा हाय," ते बाईला म्हणाले. "जरा तापट हाय. मी हाय ना त्याच्या संगती."