मूत्रपिंडावरची टोपी

मी अकुओकोरबाईंची डावी अधिवृक्क ग्रंथी बोलतेय. नाव भलंमोठं, पण मी बोटाच्या पेराएवढी. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते. उजवीकडच्या टोपीचं काम माझ्या जुळ्या बहिणीकडे.

आमच्या बाईही जुळ्याच. थोरली अक्वेले, धाकटी अकुओकोर. अक्राच्या किनाऱ्यावर, चोरकोर वस्तीत, दोघी शेजारी शेजारी भट्ट्या पेटवून मासे धुरावर भाजतात आणि दिवसभर भांडतात.

होडी यायला उशीर झाला की बाईंचं काळीज मी धडधडवते. गिऱ्हाईक फारच भाव पाडू लागलं की आवाज चढवायचं बळ मी पुरवते. सकाळी त्यांना अंथरुणातून उठवते तीही मीच. श्रेय मात्र मक्याची पेज घेते.

गेल्या वर्षी फुप्फुसातून एक पाहुणा आला. कर्करोग त्याचं नाव. ना निरोप, ना ओळख. टेकतो म्हणाला आणि पसरला. बहिणीकडेही त्याचंच बिऱ्हाड. आम्हाला काम करायला जागा उरेना.

बाई थकू लागल्या. उठल्या की भोवळ यायची. मिठाची हाव सुटली, खारवलेला मासा चोखत बसायच्या. रंगही काळवंडला.

"भट्टीत तोंड घालून बसतेस का गं?" अक्वेलेबाई म्हणाल्या.

"तुझ्याच भट्टीचा धूर येतो माझ्याकडे!"

धुराला दोष देऊन दोघी मोकळ्या झाल्या. पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांवरचे नवे काळे डाग पाहिले. "धूर हिरड्यांत शिरत नाही, मावशी."

तपासण्यांत पाहुणा सापडला. तो आता जाणार नाही, हे त्यांनी न लपवता सांगितलं. आमचं काम करतील अशा रोजच्या गोळ्या दिल्या. "एकही चुकवायची नाही."

बाईंनी बहिणीकडे बोट दाखवत एवढंच विचारलं, "सणातल्या जुळ्यांच्या शुक्रवारी मिरवणुकीत चालेन ना? मी नसले तर ही पण घरीच बसेल. जुळ्यातल्या एकटीनं चालायचं नसतं."

"गोळ्या घेतल्यात तर चालाल."

घरी येताच बाईंनी गोळी मोडली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी बहिणीला दिली. कापड असो की केळं, एका जुळीला मिळालं आणि दुसरीला नाही, असं त्यांच्याकडे आजवर घडलेलं नाही.

"शी! किती कडू!"

"मग मी एकटीनंच गिळायची होती का?"

मी आतून ओरडत होते. पण माझ्या ओरडण्यात आता जोर कुठला?

शुक्रवार तोंडावर आला आणि बाई भट्टीपाशी कोसळल्या. दवाखान्यात सलाईन लावल्यावर डोळे उघडले.

"गोळ्या घेत होतात ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेत होतो की! दोघी," अक्वेलेबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि सगळं समजावून सांगितलं. अक्वेलेबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे मी हिच्या तोंडचा घास खात होते?" एवढ्या भांडखोर बाई, पण त्या दिवशी अंगावरच्या कापडाआड रडल्या.

डॉक्टरीणबाई त्याच वस्तीत वाढलेल्या. त्या रागावल्या नाहीत. पर्समधून पेपरमिंटची पुडी काढून त्यांनी अक्वेलेबाईंच्या हातात ठेवली. "या तुमच्या गोळ्या. तिनं तिची घेतली की तुम्ही एक घ्यायची. आता दोघींना सारखं."

"हिची गोड आणि माझी कडू? हे कसलं सारखं?" बाई पडल्या पडल्या कुरकुरल्या.

"गप गिळ!"

शुक्रवारी दोघी पांढऱ्या कपड्यांत निघाल्या. जुळ्यांच्या आशीर्वादाच्या पाला-पाण्याची परात अक्वेलेबाईंच्या डोक्यावर, एक हात परातीला, दुसरा बहिणीच्या कमरेला. ढोल वाजले. पूर्वी अशा वेळी मी बाईंचं काळीज उड्या मारायला लावायचे. आज त्यांना उभं ठेवायचं काम गोळीनं केलं, आणि बरं केलं.

माझी बहीण कधीच गप्प झाली आहे. मीही संपत आले आहे. गोळीबाई, यापुढे त्यांना सकाळी तूच उठव. श्रेयाची आशा ठेवू नकोस, ते पेजेचंच.

आणि वळणावर बाई जरा दम खायला थांबल्या तेव्हा काय झालं, ते सांगून निरोप घेते. अक्वेलेबाईंनी तोंडातली पेपरमिंट कडकन फोडली आणि अर्धी बहिणीच्या हातावर ठेवली.

"घे. ही मोडलेली चालते."